चार पिढ्यांची शिराझ

मी निघालो त्या दिवशी बागेत ऑक्टोबरची छाटणी चालली होती, म्हणून आप्पा मला सोडायला आले नाहीत. वेलीवरचा हात न काढता म्हणाले, "जा. हितं नुसतं आभाळाकडं बघत बसायचं. तिकडं पगार तरी ठरल्या तारखेला येतो." तासगावजवळची ती तीन एकर द्राक्षबाग आजोबांनी लावलेली, आप्पांनी एकदा नव्याने उभी केलेली. मी वळून बघितलं नाही. मला पगाराची तारीख दिसत होती.

आता मी कॅनबेऱ्यात गुंगालिनला राहतो. सरकारी खात्यात आयटीचं काँट्रॅक्ट आहे आणि वीकेंडला आमची मराठी मंडळी वाइन पितात. पितात म्हणणं चूक, परीक्षा घेतात. मुख्य परीक्षक शैलेश, पुण्याचा. हॉस्टेलमध्ये हा माणूस रममध्ये मिळेल ते कोल्ड्रिंक ओतायचा. आता थंड प्रदेशातली शिराझ नावाची लाल वाइन ग्लासात गरागरा फिरवतो, नाक खुपसतो आणि डोळे मिटून म्हणतो, "काळी मिरी. व्हायलेट. आणि पावसानंतरचं जंगल." जंगलात शैलेश एकदाच गेला होता, कंपनीच्या ट्रेकला, आणि जळू चिकटली म्हणून अर्ध्यातून परतला.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत, इथल्या ऐन थंडीत, आप्पा पहिल्यांदा इथे आले. आई गेल्यापासून बाग एकटेच बघत होते. येताना एक प्रश्न घेऊन आले. "वेली म्हाताऱ्या झाल्यात. काढायला तर लागतीलच. तू येणार असशील तर नव्या लावतो." तीन आठवडे मी "बघू" म्हणत राहिलो, आणि टाळण्याचाच एक भाग म्हणून त्यांना शैलेशबरोबर जवळच्या एका वायनरीत घेऊन गेलो.

बाहेर वेलींवर दव गोठलेलं. आत शेकोटी, लाकडी काउंटर आणि प्रत्येक बाटलीवर अभिमानाने छापलेलं: एक कुटुंब, चार पिढ्या, तीच माती. हेच वाक्य आमच्याकडे स्थळाच्या बायोडेटात असतं, तर मुलीकडच्यांनी पुन्हा फोन केला नसता. शैलेशने मात्र ते शिलालेख वाचावा तसं वाचलं. "फॅमिली-रन आहे यार! पॅशन बघ." त्याच्या शेजारी मंकी कॅप घालून पन्नास वर्षांची पॅशन उभी होती. ती त्याला दिसली नाही, तिच्यावर लेबल नव्हतं.

आप्पा दारूला शिवत नाहीत. ते खिडकीतून वेली बघत होते. "वर्साला एकच छाटणी? आपल्यात दोन लागत्यात." त्यांनी मला विचारलं. "मग बाकीचं वर्स करतात काय ही माणसं?"

मालकीणबाई साठीच्या, नखांत माती असलेल्या. आप्पांचं ते बघणं त्यांनी बरोबर हेरलं. ग्लास पुसता पुसता मला विचारलं, तुझे वडील काय करतात?

अख्ख्या ऑस्ट्रेलियात हे एकच काउंटर असं होतं, जिथे "द्राक्षं पिकवतात" म्हटल्यावर समोरचं माणूस बाहेर येऊन त्यांचा हात हातात घेईल. मी म्हणालो, "ही इज रिटायर्ड."

मला त्यासाठी विचारसुद्धा करावा लागला नाही.

"गुड ऑन यू, मेट," बाई आप्पांना म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

आप्पांना इंग्रजी येत नाही, पण गावातल्या निवृत्त मास्तरांमुळे 'रिटायर्ड' हा एक शब्द पक्का माहीत. परतताना गाडीत त्यांनी मंकी कॅप काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मी रिटायर कधी झालो रं?"

मागच्या सीटवर बाटल्या सांभाळत बसलेला शैलेश खो खो हसला. "काका, भारी!"

"तसं नाही आप्पा, म्हणजे..."

"ऱ्हाऊ दे. मिळालं उत्तर."

ऑक्टोबरची छाटणी लागायच्या आधीच बाग निघाली. व्हॉट्सॲपवर फोटो आला: उपटलेले खांब, गुंडाळून ठेवलेली तार. खाली एक अक्षर नाही. मी तो शैलेशला दाखवला. "अरे, तुमचं व्हिनयार्ड होतं? सांगायचं ना, मार्केटिंग केलं असतं!"

पूर्वी गावी गेलो की स्टँडवरून आधी बागेकडे वळायचो, कारण आप्पा तिथेच सापडायचे. यंदा सरळ घरी गेलो. ते दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, बागेत कधी न घातलेलं घड्याळ घालून. घर म्हणजे आता ती खुर्ची.

इकडे कोणी विचारलं, वडील काय करतात, तर मी सांगतो, रिटायर्ड. आता ते खरं आहे.