कोशमास्तर

इंग्रजी शब्दाचा अर्थ आपल्या अडाणी आईला सांगून तिला तो पटल्याखेरीज शब्द आपल्याला आला, असे कोशमास्तर मानीत नसत. शिनोलीच्या मराठी शाळेत ते हेडमास्तर, मी त्यांच्या हाताखाली. घराणे मेंढपाळांचे. इंग्रजी शाळेवर नेमणूक मिळावी म्हणून ते परीक्षेला बसणार होते आणि पुण्याहून आणलेला जाडजूड कोश पहिल्या पानापासून वाचीत होते. गावाने नाव ठेवले ते त्यावरून.

शाळा सुटली की ते आईजवळ मेंढवाड्यात जाऊन बसत. मीही जाई. एकदा 'ऑब्स्टिनेट' हा शब्द निघाला. मास्तरांनी हट्टी, दुराग्रही असे अर्थ सांगितले. म्हातारी म्हणाली, "म्हंजी आपला काळा एडका. मारलं तरी वाट सोडत न्हाई." मास्तरांनी समासात पेन्सिलीने 'काळा एडका' लिहिले. मला हसू आले, त्यांना नाही.

एका उन्हाळ्यात चराईचा डोंगर राखीव झाला आणि म्हातारीची मेंढरे कोंडवाड्यात गेली. मास्तरांनी इंग्रजीत अर्ज लिहिला.

"तुम्ही सरकारी नोकर. दुसऱ्याच्या नावाने द्या," मी म्हणालो.

"मेंढरं आमची, शब्द माझे," असे म्हणून त्यांनी सही केली.

घोडेगावी जंगलखात्याच्या साहेबांचा मुक्काम होता; मास्तर, म्हातारी आणि मी तिथे गेलो. अर्ज पाहून कारकून हसला, "कुणाचा उतरवलात, मास्तर?" साहेबांनी 'इम्मेमोरिअल' या शब्दावर बोट ठेवून मराठीतच अर्थ विचारला. मास्तरांच्या तोंडातून शब्द निघेना. म्हातारीला तो त्यांनी आठवडाभर आधीच समजावला होता. ती पुढे झाली.

"माज्या आज्याच्या आज्यालाबी ठावं न्हाई, सायेब, तवापासनं आमी तितं चारतोय."

साहेबांनी शेरा मारला. मेंढरे सुटली, डोंगर बंदच राहिला.

महिन्याभरात मास्तरांची बदली इंदापूरकडे झाली. परीक्षा राहिली ती राहिलीच. मेंढरे टाकून आई गेली नाही. निघताना मी विचारले, "अर्ज केल्याचं वाईट वाटतं का?"

"मेंढरं सुटली की," एवढेच म्हणाले आणि गाडीत बसले.

पुढल्या वर्षी तिकडे प्लेग आला. मास्तर गेल्याचे कार्ड शाळेत आले. सांगायला मीच गेलो. म्हातारी लोकर निवडीत होती. तिचे हात थांबले. तिने मला विचारले, "कुनी जवळ व्हतं का, मास्तर?"

कार्डात तसे काही नव्हते. प्लेगच्या भीतीने तिथले गाव उठून माळावर गेले होते, एवढेच होते.

"होतं," मी म्हणालो.