दौऱ्यापुरतं आडनाव

मंदारदादाने टी-शर्ट माझ्या अंगावर भिरकावला. मी झेलला. भगवा, नवाकोरा. पाठीवर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत आडनाव. माझं नव्हतं.

“दादा, हा माझा नाही.”

“तुझाच आहे,” मंदारदादा म्हणाला. तो आमच्या ढोल-ताशा पथकाचा प्रमुख. “दौऱ्यापुरतं हेच तुझं आडनाव. लोकांच्या घरी उतरायचं असतं आपल्याला. काही मंडळी जुन्या वळणाची असतात. उगाच चौकशा कशाला?”

नारायण पेठेतल्या गल्लीत बस उभी होती. ढोल टेम्पोत चढत होते. मागून कोणीतरी ओरडलं, “प्रमोशन झालं रे याचं!” सगळे हसले. मी टी-शर्ट अंगात घातला. एकोणीस वर्षांचा होतो आणि मला वाजवायचं होतं.

ते आडनाव मी इथे लिहिणार नाही. माझंही लिहिणार नाही. माझं वाचलंत की मला कुठे बसवायचं ते तुम्ही लगेच ठरवाल. थोडा वेळ असंच ऐका.

आम्ही मार्केट यार्डाच्या मागच्या वस्तीतले. आबा, म्हणजे माझे वडील, लग्नाच्या वरातीत ताशा वाजवायचे. त्यांचे वडीलही तेच. वरात मांडवात गेली की वाजवणारे बाहेर. जेवणाच्या पंगती उठल्यावर मागच्या दाराने हाक यायची. हे बघत मी मोठा झालो. पथकात तसं नसतं, असं मला वाटायचं. पथकात शिकली-सवरलेली पोरं हौसेने वाजवतात आणि लोक हात जोडून बघतात. मंदारदादाने वस्तीच्या विसर्जन मिरवणुकीत माझा ताशा ऐकला आणि स्वतः घरी आला. आईने त्याला नव्या कपात चहा दिला. तो त्याने घेतला नाही. उपास आहे म्हणाला.

ताशा लहान दिसतो, पण त्याच्याशिवाय ढोल उठत नाहीत. ताशावर काड्यांची सलग झड उठते, तिला तर्री म्हणतात. तर्री संपते तिथे ढोल एकदम पडतात. आमचा दौरा उन्हाळ्यातल्या गावोगावच्या स्पर्धांचा होता आणि त्यांचा एक रिवाज होता. मैदानात उतरलं की निवेदक मुख्य ताशावाल्याचं पूर्ण नाव पुकारायचा. तो एकटा पुढे यायचा, पहिली तर्री द्यायचा. तोवर मागचे चाळीसेक ढोलवाले टिपरू, म्हणजे ढोलाची काठी, वर धरून थांबलेले. तेवढा वेळ सगळं मैदान त्या एका माणसाचं.

दौऱ्यात ते मैदान माझं होतं. नाव मात्र दुसऱ्याचं.

कृष्णाकाठच्या एका गावात आम्ही यजमानांच्या घरी उतरलो होतो. त्यांच्या आई ओसरीवर बसलेल्या. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी माझी पाठ वाचली. चेहरा उजळला.

“अगं बाई, आपल्यातलाच की! गोत्र कोणतं रे तुझं?”

गोत्र म्हणजे काय तेच मला धड माहीत नव्हतं.

“काश्यप, आजी, काश्यप,” मंदारदादाने मागून ठोकून दिलं. ज्याला आपलं गोत्र माहीत नसतं त्याने काश्यप सांगायचं असतं, हे मला फार नंतर कळलं.

आजींनी माझ्या गालावरून हात फिरवला. बोटं कडाकडा मोडली. म्हणाल्या, “जा, देवघरातला नारळ आण बरं. ढोलाची पूजा तुझ्याच हातून होऊ दे.” मी आत गेलो. समई जळत होती. इतकं चकचकीत पितळ मी कधी बघितलं नव्हतं. नारळ उचलला. वाटलं, आता कोणीतरी खेकसेल. कोणी खेकसलं नाही. आजी कौतुकाने बघत होत्या.

त्यांचा राग मला आजही येत नाही, आणि तेच जास्त छळतं. तो हात किती मऊ होता. पण तो मला लागलाच नाही. माझ्या पाठीवरच्या अक्षरांना लागला.

बस सुटली आणि मंदारदादा पुढच्या सीटवर उभा राहिला. त्याने आजींचा आवाज काढला. “अहो काश्यप! देवघर बाटवून आलात की काय?”

अख्खी बस हसून लोळली. माझ्यासोबत सराव केलेली, माझ्या डब्यातलं खाल्लेली पोरंपोरी. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर ऊस होता. ऊसच ऊस.

दुसऱ्या दिवशी आबांचा फोन आला. स्पर्धा मोबाईलवर थेट दिसायची. वस्तीतले सगळे आमच्या दारात जमले होते म्हणे. काकीने पेढे आणून ठेवले होते.

“तुजं आडनाव न्हाई घेतलं रे त्यांनी,” आबा म्हणाले. “दुसऱ्याच कुनाचं घेतलं. आमी आपलं म्हनतोय, आत्ता घेतील, आत्ता घेतील.”

मी काहीतरी कारण जुळवायला लागलो, तोवर आबाच म्हणाले,

“चुकलं आसंल त्यांचं. येवढ्या गर्दीत व्हतंच की. तू वाजीवलंस मातर लई भारी.”

आबांना सगळं समजलं होतं. जन्मभर मांडवाबाहेर उभा राहिलेला माणूस, त्याला का कळणार नाही? तरी ते पथकवाल्यांच्याच वतीने मला कारण देत होते. शिव्या दिल्या असत्या तर मी सहन केलं असतं. त्या समजूतदारपणाने माझ्या आत काहीतरी तुटलं. आबांनी आयुष्यात किती वेळा किती जणांसाठी अशी कारणं शोधली असतील? आणि आता माझ्यासाठी शोधत होते. वारशात मला हेच मिळणार होतं.

शेवटची फेरी पुण्यात होती. बस कात्रजचा घाट उतरत होती तेव्हा मी मंदारदादाच्या शेजारी जाऊन बसलो.

“दादा, उद्या माझं नाव घ्यायला सांगा. खरं.”

त्याने चष्मा पुसला. “अहो वा. नाव हवंय होय आपल्याला? मग पथकात कशाला आलात? पाटी लावून दुकान काढायचं.”

“वस्तीतले सगळे येणार आहेत. आबा येणार आहेत.”

“येऊ देत की. मैदान सार्वजनिक आहे.” मग आवाज खाली आला. “हे बघ, सबंध दौरा एका नावाने वाजवलंस. आता बदललं तर लोक आम्हाला खोटं म्हणतील. वाजवायचं तर वाजव. नाहीतर टेम्पोत बसून राहा.”

लोक त्यांना खोटं म्हणतील. हे ऐकलं आणि मी जागा झालो. आजवर मला वाटत होतं की लाज माझ्या आडनावात आहे. लाज त्यांच्याकडे होती. ती मी माझ्या पाठीवर वाहत होतो.

नदीकाठचं मैदान भरलेलं होतं. दोरीपलीकडे आबा दिसले, इस्त्रीचा शर्ट घालून. निवेदकाने पुकारलं. पहिलं नाव माझं, आडनाव ते. मागे टिपरू वर गेले. मी हललो नाही. निवेदकाने पुन्हा पुकारलं.

“तो आलेला नाही,” मी म्हणालो.

मैदानात कुजबुज सुरू झाली. मी पुढे आलो. माईक नव्हता. घसा फाडून माझं नाव सांगितलं. वडिलांचं सांगितलं. आडनाव सांगितलं. वस्ती सांगितली. आणि तर्री दिली.

अशी तर्री मी पुन्हा कधी वाजवली नाही. ती तोडली आणि वाट बघितली.

ढोल पडले नाहीत.

मी वळून बघितलं. मंदारदादाचा पंजा वर होता. थांबा. चाळीसेक टिपरू हवेत. मी पुन्हा तर्री दिली. पुन्हा काही नाही. पहिल्या रांगेतल्या मृण्मयीचा हात जरासा खाली आला. तिने दादाकडे बघितलं, हात परत वर घेतला. मी वाजवत राहिलो. प्रत्येक तर्रीनंतर तीच पोकळी. पथक बाद झाल्याची शिट्टी वाजली तेव्हा ते सगळे माझ्याकडे असे बघत होते, जणू त्यांचं घर मी जाळलं होतं. हरणं चालणार होतं त्यांना. माझ्या नावामागे वाजवणं चालणार नव्हतं.

आबा परतताना माझा ताशा स्वतःच्या खांद्यावर घेऊन पुढे चालत राहिले. ते खूश होते की घाबरले होते, मला आजही माहीत नाही. विचारायचं राहून गेलं, आता ते नाहीत.

आज मी हिंजवडीत नोकरी करतो. माझ्या टीममध्ये त्याच आडनावाचा एकजण आहे, भला माणूस. त्याला कोणी हाक मारली की माझी मान वर होते. इतक्या वर्षांनी. ते आडनाव अंगातून जात नाही. आणि ती पोकळीही. मीटिंगमध्ये मी काही बोललो आणि क्षणभर कोणी उत्तर दिलं नाही, की मला चाळीस हात वर धरलेले दिसतात.

मागच्या महिन्यात मंदारदादाचा फोन आला. आवाज गोड. “झालं गेलं सोडून दे रे. या उन्हाळ्यात ये. हल्ली आम्ही कुणाचंच आडनाव पुकारत नाही. फक्त पहिलं नाव. सगळे सारखे!”

“पाठीवर?” मी विचारलं.

“टी-शर्ट आधीच छापून झालेत रे,” तो म्हणाला.

मी त्याला सांगितलं, मी येतोय. तुमच्यात नाही. वस्तीतली वीस पोरंपोरी तयार आहेत, ढोल आमचे आहेत, स्पर्धेची फी भरली आहे. आमचा प्रत्येक वाजवणारा मैदानात आपलं पूर्ण नाव स्वतः सांगेल, आणि तोवर तुम्हाला उन्हात थांबावं लागेल. तुमचा नंबर आमच्यानंतर आहे.