अंधारातला गॉगल

अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीपर्यंत जमलं नाही, पुढे शाळाच नव्हती. तेवढं सांभाळून घ्यावं. आमच्या म्हशीने एकदा मला ओळखायला साफ नकार दिला, त्याची ही हकिकत.

मला अर्धशिशी आहे. ठणका सुरू झाला की खिडकीतली तिरीपसुद्धा सुईसारखी टोचते. मला कोडं पडायचं, उजेड शिरतो डोळ्यात, मग दुखतं डोक्यात कसं? पण राहुरीच्या डॉक्टरीणबाईंना विचारायचा धीर झाला नाही. (त्यांना माझं नावसुद्धा दोनदा सांगावं लागलं, एवढा बारीक माझा आवाज!) त्या म्हणाल्या, "उन्हात काळा गॉगल वापरा."

मालकांनी बाजारातून गॉगल आणला. अर्धं तोंड झाकेल एवढा! तो घालून गल्लीतून जायचं? छे! मी युक्ती काढली. उन्हात डोक्यावर पदर, आणि कुणी बघत नाही तिथे, म्हणजे अंधाऱ्या गोठ्यात, गॉगल!

त्या दिवशी नातीचं बारसं होतं. बासुंदीची सगळी मदार गंगी म्हशीवर. मी गॉगल चढवून धार काढायला बसले. गंगीने मान वळवून पाहिलं आणि झाडली लाथ! बादली उडाली, दावं तुटलं. गंगी गल्लीत, तिच्यामागे मी, आणि गॉगल नाकावरच!

"वैनी, शूटिंग हाय का काय?" शेजारची शकीला खिदळली.

मालकांनी कशीबशी गंगी परत आणून बांधली. सासूबाई कडाडल्या, "काढ ते आदी! म्हस भ्याली तुला!"

"डोकं फुटंल माजं, आत्याबाई."

"आन् तिनं दूध चोरलं, पान्हाच सोडला न्हाई तर? पावन्यांना काय पानी पाजू? डोळं मिटून काढ धार!"

काढली! डोळे मिटून, "गंगे, मीच हाय गं" म्हणत. बादली भरली, बासुंदी झाली, पाहुण्यांनी वाट्या चाटल्या.

पुढच्या खेपेला मात्र मी डॉक्टरीणबाईंना सगळं विचारलंच. त्या म्हणाल्या, "डोळ्यातून येणारा उजेडाचा निरोप आणि डोक्याची कळ मेंदूत एकाच ठिकाणी जातात, म्हणून उजेडाने ठणका वाढतो. पण अंधारात गॉगल? बाई, त्याने डोळे आणखी हळवे होतात! गोठ्यात घालू नका."

म्हणजे गंगीने लाथ मारून फुकटात सांगितलं होतं, तेच ऐकायला मी एसटीने जाऊन, रांगेत बसून, फी भरून आले!