रूथताईचा संथ डाव

मावशीचा फोन आला तेव्हा शिर्डीतल्या आमच्या हॉटेलच्या काउंटरवर खोल्या सोडणाऱ्यांची गर्दी होती. तेलंगणातून आलेलं एक मोठं कुटुंब निघायच्या बेतात होतं, बॅगांचा ढीग दारात आणि बाहेर त्यांच्या ड्रायव्हरचा हॉर्न. फोन खांद्याला दाबून मी एकेकाचं आधार कार्ड परत करत होतो. मावशी म्हणाली, "सुधीर, ये बाबा. गाडी घाईनं चालवू नको. घाई करन्यासारखं आता काही राह्यलं न्हाई." मी "बरं" म्हटलं, उरलेल्या किल्ल्या घेतल्या, त्या कुटुंबाला हसून निरोपही दिला आणि मग मॅनेजरला सांगितलं की माझी बहीण गेली. राहात्याहून श्रीरामपूरच्या रस्त्याला लागलो तरी रडू आलं नाही. बाभळेश्वरला चहाला म्हणून थांबलो आणि बाकड्यावर बसल्यावर उठवेचना. दुःखाच्याही आधी मला त्या दिवशी थकवा जाणवला... आठवडे झाले, तो अजून अंगातून गेलेला नाही.

रूथताई माझी मावसबहीण, माझ्याहून बरीच मोठी. श्रीरामपुरातल्या एका खासगी दवाखान्यात ती नर्स होती. लग्न केलं नव्हतं, मावशी आणि ती अशा दोघीच राहत. चर्चमध्ये तिला सगळे ओळखत ते तिच्या इंजेक्शनच्या हलक्या हातामुळे. तिची दुसरी एक ओळख होती, ती मात्र पुण्यात. चाळिशी ओलांडलेली श्रीरामपूरची ही नर्स दर दोन-तीन रविवारांनी पुण्यात जाऊन कॉलेजातल्या पोरांशी पत्ते खेळते आणि त्यांना हरवते, हे अंत्यविधीला जमलेल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक होतं. सांगायला गेलो तर लोकांना रमीच वाटायची. शेवटी शेवटी मी सांगायचंच सोडून दिलं.

हा खेळ आमच्याकडे आला तो हॉटेलातल्या एका खोलीतून. मलेशियाहून आलेला एक तरुण भक्त पत्त्यांनी भरलेला पत्र्याचा डबा विसरून गेला होता. आम्ही कळवलं, तर त्याचं उत्तर आलं की मी आता खेळत नाही, तुम्हीच ठेवा. चित्रांची ती पानं बघून मला भूल पडली. राक्षस, जादूगार, जळणारी शहरं... मोबाईलवर व्हिडिओ बघून मी नियम शिकलो, पण शिर्डीत खेळणार कोणाशी? म्हणून एका सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन ताईकडे गेलो. प्रत्येकाचा आपला गठ्ठा असतो, त्याला डेक म्हणतात. प्रत्येकाला ठरावीक आयुष्य मिळतं. आपली सेना उभी करायची आणि समोरच्याचं आयुष्य संपवायचं, एवढं मी सांगितलं. ती भाजी निवडत ऐकत होती. तिने विचारलं, "सेना उभीच करायची नसेल तर?"

मी हसलो होतो, पण तसाही एक प्रकार असतो. त्याला कंट्रोल डेक म्हणतात. त्यात आपण चढाई करत नाही. समोरचा जे करेल ते रोखायचं, फारच झालं तर सगळं मैदान एकदम साफ करायचं, मधल्या वेळात जास्तीची पानं ओढून हात भरून ठेवायचा आणि समोरचा पुरता दमला की एखादं मोठं पान उतरवून डाव संपवायचा. खेळायला अवघड, बघायला कंटाळवाणा. ताईला तोच आवडला. तिचा पहिला डेक आम्ही तिच्या स्वयंपाकघरात फरशीवर बसून लावला. माझ्या डब्यात लाल डोळ्यांचा एक ड्रॅगन होता, पुण्यातली पोरं त्याच्यासाठी जीव टाकायची. पुण्यात एका दुकानात रविवारी हा खेळ रंगतो असं कळल्यावर आम्ही तिथे गेलो, त्या पहिल्याच रविवारी ताईने तो देऊन टाकला आणि बदल्यात मूठभर रोखायची पानं घेतली. देणाऱ्या पोराला आपण हिला फसवलं की काय अशी शंका येऊन त्याने दोनदा विचारलं, "सिस्टर, नक्की ना?"

डेक लावताना आमचं भांडण ठरलेलं. रोखायची पानं किती ठेवायची यावर मी म्हणायचो, जितकी मावतील तितकी. ती काढून टाकायची. "सगळं रोखायचं नसतं रे," ती म्हणाली होती. "वॉर्डात चार बेल एकदम वाजतात. एकाला पाणी पाहिजे असतं, एकाला पंखा कमी करून पाहिजे असतो आणि एकाचा श्वास अडकलेला असतो. मी कुणाकडे धावू? बाकीचे दोन मिनिटं ओरडतील, ओरडू दे." ती खेळायचीही तशीच. समोरच्याची छोटी सेना अंगावर येऊ द्यायची, आयुष्य निम्म्याच्या खाली जाऊ द्यायची. मी मागे उभा राहून घामाघूम व्हायचो आणि ती हातातली पानं नीट करत बसायची. दुसरं भांडण जिंकून देणाऱ्या पानाचं. ती असं एकच पान ठेवायची. "ते गेलं तर?" असं मी विचारलं की म्हणायची, "तर बघू."

मग तिच्या पोटातली गाठ निघाली. निदान कळलं तेव्हा ते सांगणाऱ्या डॉक्टरलाच तिने खुर्ची दिली, असं तिच्या दवाखान्यातली माणसं सांगतात. केमो नगरला सुरू झाली. (अहिल्यानगर म्हणायची सवय आम्हा कुणालाच अजून लागलेली नाही.) मी सुट्ट्या जुळवून तिला घेऊन जायचो. त्या फेऱ्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. रांगा, इडली, उलटीची पिशवी, परतीच्या गाडीत खिडकीला टेकलेलं तिचं डोकं. दोघंही इतके दमलेलो असायचो की बोलणं नको वाटायचं. सलाईन चालू असताना मात्र ती एका हाताने पानं चाळायची, आणि पुण्यात होणाऱ्या मोठ्या स्पर्धेसाठी डेक घडवायची. दोन पानं काढ, एक घाल, पुन्हा काढ. शेजारच्या पलंगावरच्या पाथर्डीच्या आजींना वाटलं, ही भविष्य बघते. "माझं बी बघ की गं," त्या म्हणाल्या. ताईने त्यांच्यापुढे पानं पसरली, त्यांनी पाणी ओतणाऱ्या जादूगारणीचं पान उचललं. ताई म्हणाली, "पाऊस चांगला होणार तुमच्याकडं." आजी खूश झाल्या.

स्पर्धेला जाऊ नये असं मला वाटत होतं, पण तिने डॉक्टरांना विचारून टाकलं होतं. डोक्याला रुमाल बांधून ती दिवसभर खेळली आणि शेवटच्या आठांत आली. तिथे तिची गाठ अनिकेतशी पडली. हा इंजिनिअरिंगचा हसरा मुलगा तिच्याशी नेहमी खेळायचा. त्याचा डेक वेगवान, झरझर पानं ओढणारा. डाव मध्यावर आला असताना त्याने तिच्या हातात डोकावू देणारं एक पान टाकलं आणि तिचं ते एकुलतं एक मोठं पान खेळाबाहेर काढलं. भोवतालची पोरं हळहळली. आता तिच्या डेकमध्ये जिंकून देणारं काहीच उरलं नव्हतं. अनिकेतलाच वाईट वाटलं. तो म्हणाला, "सिस्टर, थांबायचं का? तुम्ही दमलाय."

"तुझी पाळी आहे," ताई म्हणाली.

नियमांत एक ओळ आहे, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. ज्याला आपल्या पाळीला ओढायला पान उरत नाही, तो हरतो. शेवटच्या आठांत वेळेचं बंधन नव्हतं. एरवी जास्तीची पानं ओढायला सोकावलेली ताई त्या क्षणापासून एकही जास्तीचं पान ओढेना. अनिकेत काहीतरी उतरवायचा, ती रोखायची. तो सेना उभी करायचा, ती दोन पाळ्या सोसून मैदान साफ करायची. त्याचा गठ्ठा मात्र त्याच्याच वेगाने खाली जात होता. काय चाललंय हे त्याला कळलं तेव्हा त्याच्यापुढे बोटभर जाडीचीही पानं नव्हती. तो हसायला लागला. शेवटी त्याने रिकाम्या जागेवर हात ठेवला आणि उठून तिच्या पाया पडला. ती म्हणाली, "अरे ऊठ, मला पाणी आणून दे."

पुढच्या फेरीला ती बसली आणि चार-पाच पाळ्यांतच तिने पानं खाली ठेवली. "मला बसवत नाही," एवढंच म्हणाली. समोरच्या मुलाशी हात मिळवला आणि आम्ही निघालो.

परतीच्या एसटीत सुपे ओलांडल्यावर ती म्हणाली, "सुधीर, पुढच्या वेळेला नगरला जायचं नाही. केमो बंद."

मला वाटलं, थकव्यातून बोलते आहे. मी म्हटलं, "आज अनिकेत थांबायचं का म्हणाला तेव्हा तू उठली नाहीस. हातात काही नसताना जिंकलीस. आणि आता...?"

ती माझ्याकडे वळून अगदी वॉर्डातल्या आवाजात म्हणाली, "खेळातलं इथं आणू नको. तिथं समोरच्याची पानं संपतात. याची संपत नाहीत. रिपोर्ट मला वाचता येतो रे. आता जे दिवस आहेत ते मला उलट्यांत घालवायचे नाहीत. आईला मी सांगेन, तू सांगू नको."

तिने सांगितलं. त्यानंतर कितीतरी दिवस मावशी तिच्याशी बोलली नाही. जेवण वाढायची, औषध द्यायची, अंग पुसून द्यायची, सगळं मुक्यानं. मग एकदा मी गेलो असताना मावशी भाकरी थापता थापता माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तिनं लई लोकांचं मरन बघितलं हाय. तिला जास्त कळतं." आणि त्या संध्याकाळी ताईच्या पलंगाशी जाऊन तिने विचारलं, "तुज्यासाठी मासे आनू का गं?" ताई म्हणाली, "आण. कोथिंबीर जास्त घाल."

शेवटच्या दिवसांत तिला खाली बसता येईना, म्हणून बाहेरच्या खोलीत जेवायच्या टेबलावर पानं मांडायची. पानं खराब होऊ नयेत म्हणून घातलेल्या प्लास्टिकच्या पाकिटांतून तिने ती सगळी बाहेर काढली होती. मी विचारलं, "आता हा डेक कुणासाठी?" "कुणासाठी नाही," ती म्हणाली. "आधीच्या डेकमध्ये रोखायची पानं जास्तच झाली होती. आता कळतंय." रोज थोडा वेळ बसायची, एखादं पान इकडचं तिकडे करायची आणि आडवी व्हायची. मला कधी बोलावून दाखवायची, कधी नुसतीच बघत राहायची. तिला दुखत होतं. तरी त्या टेबलाशी असताना तिचा चेहरा मला तिच्या ड्यूटीवरच्या चेहऱ्यासारखा वाटायचा, कामात असलेला.

परवा सुट्टीला श्रीरामपूरला गेलो. दुपार तापली होती, अंगाला शर्ट चिकटत होता. टेबल ताईने सोडलं तसंच होतं. सुटी पानं ओळींत, एका कडेला वगळलेली, मध्ये पक्की केलेली. मावशी खाली सतरंजीवर जेवायला बसली होती. मी आत येऊन सवयीने पंख्याच्या बटणाकडे हात नेला, तशी ती तोंडात घास असतानाच ओरडली, "नको नको! उडत्यात ती!"

मी हात मागे घेतला. म्हटलं, "मावशी, गोळा करून डब्यात ठेवू का? इतक्या उकाड्यात तू..."

"राहू दे," ती म्हणाली. "मला काय कळत न्हाई त्यातलं. पर तिनं इचार करून लावलंय."

तिने मला ताट वाढलं. आम्ही दोघं घाम पुसत जेवलो.