टर्बो, एसी आणि खसाची ताटी

"एसी गेला तरी चालेल. आपण नागपूरचे, आपल्याला गरमीचं काय कौतुक!" असं मी गॅरेजवाल्याला मोठ्या तोऱ्यात म्हणालो. बायको मागच्या सीटवर बसली आहे आणि काच खाली आहे, हे मी विसरलो होतो.

"कोणाले चालंल?" मागून आवाज आला.

गॅरेजवाला हसू दाबत बॉनेटमध्ये वाकला. आत पाहण्यासारखं काही नव्हतं, पण त्याचंही लग्न झालेलं होतं.

आमची गाडी जुनी, छोटी, पेट्रोलची. सपाट रस्त्यावर गुणी, पण चार माणसं बसवून एसी लावला की पूल बघून तिला धाप लागायची. आणि नागपुरात तर आता पुलाला पूल लागून आहेत. त्यामुळे आमच्या घरात एक रीतच पडली होती. पूल दिसला की बायको न सांगता हात पुढे करून एसी बंद करायची, आम्ही सगळे श्वास रोखून वर चढायचो आणि उतार लागला की एसी पुन्हा सुरू. एकदा चढावर एक ऑटो आम्हाला मागे टाकून गेला. आतल्या बाईने वळून आमच्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. इंजिनात जादा हवा कोंबून जोर वाढवणाऱ्या टर्बोचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते त्या दिवशी.

सक्करदऱ्याच्या या गॅरेजवाल्याने सगळं नीट समजावून सांगितलं. टर्बो बसतो इंजिनाच्या पुढच्या अंगाला, नेमका तिथेच एसीचा कॉम्प्रेसर. म्हणून बरेच जण एसी काढूनच टाकतात. ठेवायचा असेल तर पाइप वळवून घ्यावे लागतील, मध्ये उष्णता अडवायला पत्रा लावावा लागेल. शिवाय टर्बोची हवा थंड करणारी जाळी येणार एसीच्या जाळीसमोर, म्हणजे एसीला वारा कमी.

"तर भाऊ, सिग्नलवर उभे राहिले की एसी जरा ढिला पडंल. गाडी चालली की बरोबर होते."

"जरा म्हणजे किती?" बायकोने विचारलं.

तिच्या विचारण्याला कारण होतं. मे महिन्यात सासूबाईंना कन्हानहून आमच्याकडे बेसाला आणायचं होतं. आदल्या उन्हाळ्यात त्यांना ऊन लागलं होतं, चांगलं दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. "तुमचा टर्बो बसो की न बसो," बायको म्हणाली, "माझी आई थंड गाडीत आली पाहिजे."

काम झालं. गाडी पुलावर एसीसकट अशी चढली की मी विनाकारण दोनदा चढून आलो. पण सिग्नलला थांबलो की खरोखरच हवा कोमट यायची. "जरा ढिला" हे दोन शब्द माझ्या डोक्यातून जाईनात.

आता नागपूरच्या माणसाला गारव्याचं शास्त्र कोणी शिकवायचं? दर उन्हाळ्याच्या तोंडाशी कूलर खाली उतरवायचा, त्याच्या बाजूंच्या खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या बदलायच्या, पंप तपासायचा, आणि शेजाऱ्याचा कूलर कसा चुकीचा लावलाय ते त्याला सांगायचं, यातच आमचं आयुष्य गेलं. मी विचार केला, हवा ताटीतून गेली की गार होते. मग गाडीला समोरून ताटी लावली तर? घरातल्या एका कूलरची खसाची नवी ताटी काढून कापली, तारेने गाडीच्या पुढच्या जाळीला आतून बांधली आणि बादलीभर पाणी ओतलं. घरात कोणाला बोललो नाही. नवरा एकदम हुशार निघावा, अशी इच्छा होती.

सकाळी कन्हानला जाताना सगळं झकास. रस्ते मोकळे, ऊन कोवळं. बायको म्हणालीसुद्धा, "बरं वाटून राहिलं." पण सासूबाई जावयाला जेवल्याशिवाय सोडतात होय! मग पापड बांधले, मग लोणचं, मग शेजारणीचा निरोप. निघायला भर दुपार झाली. तोवर ताटी वाळून वारा अडवणारी घट्ट गादी झाली होती, ते मला कुठे ठाऊक!

कामठी रोडवर पुलाच्या अलीकडे ट्रकांची रांग लागली होती. आम्ही थांबलो. एसीची हवा आधी कोमट, मग गरम झाली. सासूबाईंनी पदराने वारा घ्यायला सुरुवात केली. त्यांचा चेहरा लाल होत चालला होता आणि इकडे इंजिनाचा काटाही वर सरकत होता. दोन्हीकडे बघायचा मला धीर होईना.

"जावईबापू," त्या हळूच म्हणाल्या, "गाडीत खसाचा वास कुठून येऊन राहिला?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. "काय केलं तुम्ही?"

"काही नाही."

"गाडी बाजूले घ्या."

गाडी कडुनिंबाखाली घेतली. तिने आईला सावलीत बसवलं, पाण्याची बाटली हातात दिली, ओला रुमाल डोक्यावर ठेवला आणि मगच मला बॉनेट उघडायला लावलं. ताटी दिसली. तिने तारांकडे बोट दाखवलं. त्या सोडवताना माझी बोटं भाजली. मी ताटी ओढली तर अर्धी हातात आली, उरलेली भुगा होऊन रस्त्यावर उडाली.

"वारा यावा म्हणून लावलं होतं का जी हे?" सासूबाईंनी झाडाखालून विचारलं. त्यांचा चेहरा उतरला होता, आवाज मात्र ठीक होता. माझ्या जिवात जीव आला.

इंजिन निवलं, रांग हलली, एसी पुन्हा गार हवा फेकू लागला. पूल आला तसा सवयीने बायकोचा हात बटणाकडे गेला, मध्येच थांबला आणि मांडीवर परत आला. गाडी एसीसकट सुरळीत वर चढली. मागे सासूबाईंना डुलकी लागली होती. आता काहीतरी कौतुक होईल म्हणून मी वाट बघितली. बेसा येईपर्यंत बघितली.

घरी आल्यावर बायकोने आईसाठी तयार ठेवलेल्या खोलीतला कूलर लावला. गरम हवेचा झोत आला. ती मागे जाऊन बघून आली. एका बाजूला ताटीच नव्हती, नुसती चौकट.

ती दारात उभी राहिली. "गाडीचं झालं. आता आईच्या कूलरले कोणता टर्बो लावता, ते सांगा."