तिसऱ्या ठिकाणचं शेवाळ

दीपमाला इंगोले वाघोलीच्या एका महाविद्यालयात प्रयोगशाळा परिचर आहे. शिक्षण बारावी. मूळ गाव वाशिमजवळ. नवऱ्याला पुण्यात कारखान्यात काम लागलं तेव्हा ती इकडे आली आणि चोवीस वर्षांत तिची बोली पुणेरी झाली. राग आला की मात्र वऱ्हाडी परत येते.

तीन वर्षांपूर्वी वनस्पतिशास्त्राचे सलिल सर कोकणातल्या एका खाडीच्या मुखाशी पाच ठिकाणचं समुद्री शेवाळ गोळा करू लागले. तिसरं ठिकाण एका रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्याच्या नळाखाली होतं. दीपमालाला त्यांनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं, "पाण्याचा नमुना त्या दिवसापुरतं बोलतो. नळ बंद ठेवला की पाणी स्वच्छ. शेवाळ मात्र शिसं, कॅडमियम अंगात साठवून ठेवतं, आठवडेच्या आठवडे."

तिला हे लगेच पटलं. कामाला ती वाघीण. शेवाळातले शंख-शिंपले वेचायचे, वाळू धुवायची, भट्टीत वाळवून कुटायचं, आम्लात विरघळवायचं. काचेची भांडी आधी रात्रभर सौम्य आम्लात बुडवायची, मग ऊर्ध्वपातित पाण्याने तीनदा विसळायची. सर दोनदा म्हणाले होते, ती तीनदा विसळायची.

तिसऱ्या ठिकाणच्या शेवाळात शिसं इतर ठिकाणांच्या सातपट निघालं. सरांनी अहवाल कारखान्याला पाठवला आणि पंधरा दिवसांत कारखान्याचे सल्लागार वाघोलीत हजर झाले. गोपाळकृष्ण नावाचे, पांढऱ्या मिशांचे, अत्यंत सभ्य गृहस्थ. बैठकीला महाविद्यालयाचे संचालकही बसले. दीपमाला नमुन्यांच्या पिशव्या घेऊन कोपऱ्यात उभी.

"नमुने कोणी तयार केले?" गोपाळकृष्णांनी विचारलं.

"आमच्या परिचर बाईंनी," सर म्हणाले.

"अच्छा. बाईंचं शिक्षण?"

सरांनी सांगितलं. गोपाळकृष्णांनी चष्मा पुसला. "मग प्रश्नच मिटला. भांडी नीट धुतलेली नसणार. शिसं भांड्यातलं. 'हाताळणीतील दोष' असं लिहा आणि तिसरं ठिकाण वगळा. आपण कशाला एकमेकांना त्रास द्यायचा?"

संचालकांनी मान डोलावली. सर टेबलाकडे बघत राहिले. दीपमाला वाट बघत होती की ते काही बोलतील. 

पिशव्या टेबलावर ठेवून ती पुढे आली. "साहेब, मी एक विचारू?"

"बाई, तुम्ही बाहेर थांबा," संचालक म्हणाले.

"नाही थांबत. माझ्या हाताबद्दल बोलणं चाललंय." ती गोपाळकृष्णांकडे वळली. "दर खेपेला एका भांड्यात आम्ही शेवाळ घालतच नाही, नुसतं आम्ल घालतो. त्याला कोरा नमुना म्हणतात. ते भांडंही मीच धुते. भांडी घाण असती तर त्या कोऱ्यातही शिसं निघालं असतं. काऊन नाही निघालं? बाकी चार ठिकाणांचं शेवाळही त्याच भांड्यांत विरघळलं. शिसं काय फक्त तिसऱ्या ठिकाणाचा नंबर वाचून भांड्यात शिरते?"

सर खुर्चीतून उठले. "कोऱ्या नमुन्यांचे आकडे अहवालाच्या शेवटच्या पानावर आहेत," ते म्हणाले. "मीच ते आधी दाखवायला हवे होते."

"बाई पाठ केलेलं बोलतायत," गोपाळकृष्ण म्हणाले.

"मग तुम्ही स्वतः येऊन बघा," दीपमाला म्हणाली. "प्रत्येक नमुन्याचं अर्धं शेवाळ मी वाळवून ठेवलंय. ठिकाणाचं नाव झाका, तुमचे नंबर टाका. भांडी तुम्ही आणा, धुवा तुम्हीच. मी तुमच्यासमोर करते."

गोपाळकृष्ण खरंच आले. तीन दिवस तिच्या शेजारी उभे राहिले. पहिल्या दिवशी त्यांनी भांडी दोनदा विसळली, तिने न बोलता तिसऱ्यांदा पाणी ओतलं. तिसऱ्या दिवशी यंत्राने आकडे दिले, त्यांनी स्वतःची यादी उघडून नंबर जुळवले. सातपट. कागद घडी करून खिशात घालताना ते एवढंच म्हणाले, "तुमचा हात चांगला आहे."

"ते लिहून द्या," ती म्हणाली. त्यांनी दिलं नाही.

अहवाल बदलला नाही. तो छापायला पाठवताना सरांनी लेखकांत तिचं नाव घातलं तेव्हा संचालकांनी हरकत घेतली. परिचराचं नाव छापण्याची पद्धत नाही म्हणे. सर घुटमळले. ती थेट संचालकांच्या खोलीत गेली.

"चूक माझी ठरत होती तेव्हा माझं शिक्षण विचारलं. आता बरोबर निघालं तर माझं नाव विचारा."

नाव छापलं गेलं. महिन्याभरात तिची बदली परीक्षा विभागात झाली. ती बदलीच्या आदेशावर सही करायला गेली आणि सहीच्या वर स्वच्छ अक्षरात लिहून आली, 'अन्याय म्हणून स्वीकारते.' शिवाय सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळेत यायची परवानगी तिने सरांकडून लेखी घेतली.

गेल्या जानेवारीत नमुने आणायला ती स्वतः खाडीवर गेली. गुडघाभर पाण्यात उभी राहून, मूळ खडकावर शिल्लक ठेवून, ती वरचं शेवाळ विळ्याने कापत होती. कुंपणामागून पहारेकरी ओरडला, "ए बाई! इथलं काही न्यायचं नाही!"

"समुद्र कारखान्याच्या नावावर कधी झाला?" तिने न वळता विचारलं.

त्या खेपेला शिशाचा आकडा निम्म्यावर आला होता. कारखान्याने म्हणे काहीतरी यंत्रणा बसवली. सर खूश झाले.

"निम्मा म्हणजे अजून साडेतीनपट," दीपमाला म्हणाली, आणि पुढच्या खेपेची भांडी आम्लात बुडवायला घेतली.