धुतलेली चड्डी

माझ्या सासऱ्यांना अख्खी गल्ली 'नळीवाले' म्हणते. चाळीस वर्षं इस्पितळात पुरुषांच्या वॉर्डात काढली. रिटायर झाले तरी कुणा म्हाताऱ्याची लघवी तुंबली की नळी घालायला बोलावणं यांनाच. हात इतका हलका, की पेशंट "कधी घालताय?" विचारतो तोवर पिशवी भरायला लागलेली असते. आणि तोंड? विचारूच नका. एका बड्या माणसाला म्हणाले होते, "लाजू नका, इथं सगळे सारखेच."

त्या दुपारी पाळी पोटच्या पोराची आली. आमचे हे रंगारी. सकाळी कामावर शिडी सरकली आणि हे दोन्हीकडे पाय टाकून आडव्या दांडीवर आदळले. लाजेनं मला एकटीलाच सांगितलं. चड्डीला रक्त होतं. सासऱ्यांच्या नजरेला कशाला ते, म्हणून मी ह्यांना पुसून काढलं, चड्डी खसाखसा धुतली आणि वाळत टाकली. शहाणी ना मी!

चार वाजेपर्यंत थेंब नाही. ओटीपोट दगडासारखं, हे उशी चावताहेत. सासरे, आमचे बाबा, नळ्यांचा डबा घेऊन आले.

"सकाळपासून अडकलीय, काढा लवकर," हे एवढंच म्हणाले.

बाबांनी हातमोजे चढवले, नळीला जेली लावली. मी दाराआड. आणि एकदम आठवलं. जेवायला बसलं की बाबांच्या असल्याच गोष्टी: मार लागून रक्त आलं असेल तर नळी घालायची नाही. लघवीची आतली वाट फाटलेली असते, नळी ती पुरती तोडते, माणूस जन्माचा अधू होतो. पण सासऱ्यांसमोर नवऱ्याच्या चड्डीचं बोलायचं कसं? बाबांनी नळी उचलली तशी मी दार ढकललं.

"बाबा, थांबा! हे दांडीवर पडलेत. चड्डीला रक्त होतं. मी धुतली."

"घाला हो, मेलो मी!" हे ओरडले.

"नाही घालणार," बाबा मागे सरले. त्यांनी नळी परत डब्यात टाकली. "गाडी बोलाव."

इस्पितळात सर्जननं पहिलं हेच विचारलं, "घरी नळी घालून पाहिली का?"

"नाही," बाबा म्हणाले.

मग ओटीपोटातून सुई घालून लघवी काढली. वाट अर्धीच फाटलीय, भरून येईल, असं सर्जन म्हणाले, तेव्हा बाबा बाकावर बसून ढसाढसा रडले.

आता कुणाच्याही घरी गेले, की डबा उघडायच्या आधी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन विचारतात, "बाई, काही धुतलंत का?"